शंभर ग्रॅम पोलाद आणि ताकदीचा प्रश्न

पत्र थोडक्यात असं: लेखिका ३४ वर्षांची आहे. स्वयंपाकघरात रोज वापरायची सुरी स्वतःच्या हातांनी घडवायची, ही तिची जुनी इच्छा. त्यासाठी तिने दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. सहा शिकणाऱ्यांत ती एकटीच बाई होती. तिचं पातं वाकडं व्हायला लागलं की शिक्षक तिच्या हातातून हातोडा घेत, पंधरा-वीस घाव घालत आणि परत देत. सुरी झाली, पण ती आपली नाही ही बोच राहिली. मग तिने गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा तुकडा मिळवून एकटीने प्रयत्न केला. पातं पाठीच्या बाजूला केळ्यासारखं वळलं. पाण्यात बुडवल्यावर टिंग असा आवाज आला आणि धारेला तडा गेला. तेव्हापासून उजव्या कोपराची बाहेरची बाजू दुखते आहे. भाऊ म्हणतो, तयार पाती आण आणि मुठी बसव, तुझा हात त्यात चांगला आहे. तिचा प्रश्न: हे काम माझ्या ताकदीबाहेरचं आहे का? आधी व्यायाम करून हात बळकट करावेत, फक्त बायकांसाठी असलेली कार्यशाळा शोधावी, की घडवणं सोडून पट्टी घासून पातं बनवायला घ्यावं?

प्रिय मैत्रिणी,

पातं वळलं, धार तडकली, कोपर दुखतंय. या तिन्हींच्या मुळाशी तुम्ही ताकदीची कमतरता धरली आहे. मला यांतली एकही तक्रार ताकदीची दिसत नाही. पातं वळलं कारण धारेची बाजू ताणली की ते वळतंच. तडकलं ते पाण्यामुळे. आणि कोपराचं दुखणं बहुधा ऐरणीच्या उंचीत आणि हातोड्याच्या दांड्यात आहे. प्रत्येकावर वेगळा उपाय आहे आणि तो तुमच्या हातातला आहे.

आधी वजनाचा हिशेब करू. पहिल्या सुरीला १५ सेंमी लांब आणि टाचेशी, म्हणजे मुठीजवळ, साडेतीन सेंमी रुंद पातं पुरे. त्यासाठी ३० मिमी रुंद, ४ मिमी जाड पट्टीचा ११-१२ सेंमीचा भाग लागतो, मुठीत जाणाऱ्या शेपटीसकट. त्याचं वजन भरतं १०० ते ११५ ग्रॅम. एवढं पोलाद, तेही हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापून मऊ झालेलं, हलवायला पहिलवान लागत नाही. घाव नेमका आणि वेळेत पडावा लागतो. चार मिमीची पट्टी भट्टीबाहेर आली की कामाचे सात-आठ सेकंद मिळतात. पातं पातळ झालं की चार-पाचच. पोलाद काळपट लाल झाल्यावरही ठोकत राहिलं, तर ते हलत नाही, धक्का उलट हातात येतो आणि वाटतं आपल्यातच जोर नाही. त्या क्षणी पुन्हा भट्टीत घालायचं. थंड पोलादावर मारलेले वीस घाव तापलेल्यावरच्या तीन घावांची बरोबरी करत नाहीत, आणि तडे जातात ते वेगळंच.

हातोड्याचंही तसंच. घावाची ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्यामुळे दीड किलोचा हातोडा कसाबसा उचलून टाकण्यापेक्षा ८०० ग्रॅमचा हातोडा वेगात आणि ठरलेल्या जागी पडलेला बरा. जड हातोड्याने सुरुवात करू नका. तुम्हीच नव्हे, कोणीच करू नये.

आता कोपर. हात सैल सोडून ताठ उभ्या राहा आणि मूठ वळा. ऐरणीचा माथा त्या मुठीच्या सांध्यांच्या उंचीला आला पाहिजे. बहुतेक सामायिक शेडमधल्या ऐरणी उंच माणसाच्या बेताने बसवलेल्या असतात. ऐरण तुमच्यासाठी सात-आठ सेंमी उंच असेल तर हातोडा सपाट पडावा म्हणून मनगट मागे मोडावं लागतं, खांदा वर उचलावा लागतो, आणि प्रत्येक घावाचा उलटा धक्का कोपराबाहेरच्या स्नायूबंधांना बसतो. ऐरण खाली करता येत नसेल तर स्वतः वर चढा. जाड फळ्या एकमेकींना घट्ट ठोकून किमान ६० बाय ९० सेंमीचा, न हलणारा, न घसरणारा पाट करून त्यावर उभं राहायचं. एकच फळी टाकू नका, तापलेलं पोलाद हातात असताना पाय तिच्या कडेवरून सटकला तर फार वाईट होईल.

दांडाही तपासा. दांडा धरल्यावर बोटांची टोकं अंगठ्याच्या उंचवट्याला जेमतेम टेकली पाहिजेत. मध्ये मोठी फट राहत असेल तर दांडा तुमच्यासाठी जाड आहे, म्हणजे तो हातात राहावा म्हणून तुम्ही सतत आवळून धरत असणार. कानशीने आणि काचकागदाने तो लंबगोल करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि तुमच्या दुखण्यावर व्यायामशाळेपेक्षा जास्त उपयोगी पडेल. अंगठा दांड्याच्या वर ताणून ठेवू नका, तो बाजूने वेढू द्या. घाव पडताना पकड सैल ठेवा. ऐरण हातोड्याला वर उडवते, त्या उसळीवरच तो उचलायचा. हातोड्याच्या हातात हातमोजा नको, त्याने पकड आणखी आवळते.

पण यातलं काहीही करण्याआधी कोपराला विश्रांती द्या. स्वस्थ बसल्यावरही दुखत असेल, कप उचलताना कळ येत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ऐरणीकडे जाऊ नका. पुन्हा सुरू कराल तेव्हा एका वेळी तासभरच काम करा. व्यायाम करायचा तर जरूर करा, पण तो पात्रतेची परीक्षा म्हणून नको. आधी हात बळकट होऊ देत, मग घडवते, असं म्हणणाऱ्यांचे महिने निघून जातात आणि ऐरण तेवढीच उंच राहते.

भावाच्या सल्ल्याबद्दल. त्यांचा हेतू चांगला आहे आणि मूठ बसवणं हे हलकं काम मुळीच नाही. तरी त्यांच्या वाक्यामागे एक जुनी वाटणी आहे: आग आणि घाव पुरुषांचे, झिलई आणि सजावट बायकांची. शेफिल्ड या इंग्लंडमधल्या सुऱ्या-काट्यांच्या शहरात हीच वाटणी होती. पॉलिश करणाऱ्या कामगार प्रामुख्याने बायका, तर घडवणं आणि धार काढणं हे पुरुषांचं काम. पण त्याच देशात, क्रॅडली हीथ या गावात, बायका घराच्या मागच्या अंगणातल्या भट्ट्यांवर साखळ्यांच्या कड्या घडवत होत्या. कडी तापवायची, वळवायची, टोकं ठोकून सांधायची, दिवसभर. १९१० साली कामगार नेत्या मेरी मॅकार्थर यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी दहा आठवडे लढा देऊन किमान वेतन मिळवलं. त्यांना ते काम जमतं का, असं कोणी विचारत नव्हतं. भांडण मजुरीचं होतं. सुरीकामातलं उदाहरण हवं असेल तर १९७६ साली स्थापन झालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या पाती घडवणाऱ्यांच्या संस्थेत ऑड्रा ड्रेपर यांनी २००० साली मास्टर स्मिथ ही पदवी मिळवली. तिथे ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. या संस्थेच्या प्रात्यक्षिक परीक्षेत स्वतः घडवलेल्या पात्याने लोंबता एक इंची दोर एका घावात कापायचा, लाकूड तोडायचं, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत, आणि शेवटी पातं ९० अंशांत वाकवायचं, ते तुटता कामा नये. परीक्षा पात्याची होते.

तेव्हा मुठींचं काम आवडत असेल तरच घ्या. घडवणं नाकारलं गेलं म्हणून हाती उरलेलं काम, अशा भावनेने घेतलेलं काम फार दिवस गोड लागत नाही.

शिक्षकांबद्दल मात्र थोडं थांबून विचार करा. दोन दिवसांत सहाही जणांच्या हाती पूर्ण सुरी पडली पाहिजे, असं प्रशिक्षण असेल तर शिक्षकावर घड्याळाचं दडपण असतं. त्यांनी बाकी पाच जणांचा हातोडा किती वेळा घेतला? ते तुमच्या पत्रात नाही. सगळ्यांचाच घेतला असेल तर दोष वेळापत्रकाचा आहे. तुमचाच घेतला असेल तर तो भेदभाव आहे, मग तो कितीही मायेने केलेला असो. दोन्ही प्रसंगांत म्हणायचं वाक्य एकच: 'मला दाखवा, पण तुमच्या पट्टीवर. माझ्या पट्टीला मीच हात लावणार, बिघडली तरी चालेल.' हे पहिल्या दिवशी सकाळी, भट्टी पेटण्याआधी सांगायचं. चांगला शिक्षक प्रात्यक्षिकासाठी स्वतःची पट्टी वेगळी ठेवतोच.

फक्त बायकांसाठीच्या कार्यशाळेत हातोडा तुमच्या हातात राहण्याची शक्यता जास्त, आणि चुका करताना कोणी बघतंय याचा ताण कमी. ते मोलाचं आहे. पण पाटी बायकांची आहे म्हणून आत ऐरणीची उंची बदलता येते असं नाही. कुठेही नाव घालण्याआधी विचारा: एका ऐरणीवर किती जण? उभं राहायला पाट आहे का? छोट्या मापाचे हातमोजे आणि श्वासाचे मुखवटे आहेत का? पोलाद कोणतं, त्याचं नाव सांगता येईल का? पात्याला पाणी देणं, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक करणं, मी स्वतः करणार की कोणी दुसरं? पातं तडकलं तर पुढे काय? शेवटच्या प्रश्नाला 'आमच्याकडे तडकत नाही' असं उत्तर आलं तर दुसरी जागा शोधा.

पट्टी घासून पातं बनवणं हा कमीपणाचा मार्ग नाही. स्वयंपाकघरातली सुरी पातळ असते आणि अनेक उत्तम सुऱ्या अशाच बनतात. माझं मत विचाराल तर पहिली सुरी अशीच करा आणि दुसरी घडवा. कारण ताकदीचं नाही. घडवताना एकाच वेळी चार गोष्टी चुकू शकतात आणि कोणती चुकली ते नवशिक्याला कळत नाही. अडीच-तीन मिमीच्या पट्टीतून हॅक्सॉ, कानस आणि ड्रिलने आकार काढला, की शिकायचं उरतं ते पाणी देणं. ते एकदा हातात बसलं की दुसऱ्या पात्याच्या वेळी सगळं लक्ष हातोड्यावर ठेवता येतं. हा माझा कल झाला. तुम्हाला आगीचीच ओढ असेल आणि पहिल्या दिवसापासून ऐरणीवरच उभं राहायचं असेल, तर पुढचं वाचा.

पोलाद १०८४ घ्या. या क्रमांकातले शेवटचे दोन आकडे कार्बनचं प्रमाण सांगतात, म्हणजे साधारण ०.८४ टक्के. साध्या भट्टीवर, तापमानाचं महागडं यंत्र नसताना, हे पोलाद सगळ्यात जास्त चुका पोटात घालतं. १०९५ मोहात पाडेल, पण त्याला कडक व्हायला फार झपाट्याने थंड करावं लागतं. तुमच्या पाट्याच्या तुकड्याचं मूळ कळत नाही, आणि वर्षानुवर्षं वाकून त्यात डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा पडलेल्या असू शकतात. नाव नसलेल्या पोलादावर शिकलं की चूक आपली की त्याची, हे कधीच ठरत नाही.

पट्टी कापू नका, ५०-६० सेंमी लांब ठेवा. एका टोकाला पातं घडवायचं आणि दुसरं टोक हातमोजा घातलेल्या हाताने धरायचं. न बसणाऱ्या सांडशीने पोलाद धरून ठेवण्यातच डाव्या हाताची अर्धी शक्ती जाते. लांब पट्टीला सांडशी लागत नाही. धरायचं टोक गरम वाटलं की तेवढंच पाण्यात बुडवा. ऐरण गार असेल तर आधी तिच्यावर एक तापलेला लोखंडी तुकडा ठेवून माथा कोमट करा, नाहीतर पातळ पात्यातली उष्णता ती क्षणात शोषते. त्याच कारणासाठी दोन घावांच्या मध्ये पातं ऐरणीवर टेकवून ठेवायचं नाही.

आधी टोक. पट्टीचा एक कोपरा हॅक्सॉने तिरका कापून मग ठोकला तर टोक लवकर निघतं. कडेवर मारलं की बाजूला फुगवटा येतो, तो लगेच सपाट करा. दुर्लक्ष केलं तर तो आत दुमडून घडी पडते आणि तीच पुढे चीर होते. मग टाचेकडून टोकाकडे जाडी उतरवत न्या. पाठ टाचेशी ३ मिमी आणि टोकाजवळ २ मिमी राहू द्या, बाकी नंतर घासलं जाईल. रुंदी ३० मिमीवरून ३५-३६ मिमीवर न्यायला हातोड्याची मागची बोथट पाचर वापरा. पाचरेची रेघ पात्याच्या लांबीला समांतर पडली तर पोलाद रुंदीकडे सरकतं, आडवी पडली तर लांबीकडे. ही एक गोष्ट कळली की निम्मे घाव वाचतात.

आता तुमचं केळं. धारेची बाजू पातळ केली की तिथलं पोलाद लांबीला पसरतं. पाठ तेवढीच राहते. मग पातं पाठीकडे वळणार नाही तर काय करणार? कितीही बळकट माणसाने ठोकलं तरी ते वळतं. म्हणून धार उतरवण्याआधी पातं मुद्दाम उलट वाकवायचं: धारेच्या बाजूला, टोक साधारण दीड सेंमी खाली येईल इतकं. मग धार ठोकत गेलं की ते आपोआप सरळ होत येतं. थोडा बाक उरलाच तर पातं तापवून, पाठ लाकडाच्या ओंडक्यावर टेकवून, धारेवर लाकडी हातोड्याने हलके घाव घाला. लाकडाने पातळ कड चेपत नाही. दोन्ही बाजूंना घाव सारखे पडू द्या, आणि दर वेळी भट्टीत घालण्याआधी पाठीवरून एक डोळा मिटून बघा. पीळ त्याच वेळी काढला तर दोन घावांत निघतो.

हे आधी शिल्पकामाच्या चिकणमातीवर करून बघा. मातीची ३० बाय ४ मिमीची पट्टी करून लाकडी हातोड्याने तीच क्रिया करा. माती तापलेल्या पोलादासारखीच सरकते. पातं कसं वळतं, पाचर कशी काम करते, हे भट्टी न पेटवता दिसतं, आणि दुखऱ्या कोपरालाही झेपतं.

पातं झालं की पट्टीपासून तोडून शेपटी घडवा, सुमारे १० सेंमी लांब आणि निमुळती. टाच आणि शेपटी मिळतात तो कोपरा काटकोनी ठेवू नका. तिथे गोल कानशीने २-३ मिमी त्रिज्येची गोलाई द्या. काटकोनातूनच पाती मोडतात.

घडवून झालेल्या पोलादात ताण असतात आणि कणरचना असमान असते. तीन वेळा तापवून हवेत गार करा, दर वेळी थोडं कमी तापवत: सुमारे ८७० अंश, मग ८४०, मग ८००. प्रत्येक वेळी रंग पूर्ण काळा पडेपर्यंत थांबा. हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक गाळतात आणि मग पातं पाणी देताना वाकतं. त्यानंतर कानशीने आकार नीट करा. धारेशी ०.८ ते १ मिमी जाडी राहायलाच हवी. शेवटचे ओरखडे १२० नंबरच्या काचकागदाने लांबीच्या दिशेने काढा. धारेला आडवे गेलेले खोल ओरखडे म्हणजे तड्याला आखून दिलेली वाट.

आणि मग पाणी. आपल्या भाषेने तुम्हाला इथेच फसवलं. पोलाद कडक करण्याला आपण 'पाणी देणं' म्हणतो, म्हणून तुम्ही पाणीच दिलंत. पण या कामाला लागणारी पोलादं बहुतेक तेलात थंड करायची असतात. पाण्यात पातळ धार एका क्षणात थंड आणि कडक होते, जाड पाठ मागे राहते. कडक होताना पोलाद किंचित फुगतं. पाठ उशिरा फुगते तेव्हा आधीच काचेसारखी झालेली धार ताणाखाली फाटते. तो टिंग आवाज तोच होता.

१०८४ साठी कॅनोला हे खाद्यतेल चालतं. उभ्या, अरुंद, धातूच्या डब्यात चार-पाच लिटर, ५० ते ५५ अंशांना तापवलेलं. कोमट तेल पातळ असतं आणि पात्याला नीट भिडतं. गार तेल दाट राहतं आणि पातं कडक होत नाही. गाडीचं वापरलेलं इंजिन ऑइल घेऊ नका, त्याचा धूर विषारी असतो. डब्याला घट्ट बसणारं धातूचं झाकण हाताशी हवं, कारण तेल पेटलं तर झाकणानेच विझवायचं. पाणी कधीही नाही. जवळ कोरड्या पावडरचं अग्निशामकही ठेवा.

शेडमधला उजेड मंद करा. पातं तापवत असताना अधूनमधून चुंबक लावून बघा. ७७० अंशांच्या आसपास चुंबक धरेनासा होतो. त्यापुढे रंगाची एकच छटा उजळ, साधारण ८१५ अंश, आणि टोकापासून टाचेपर्यंत सारखी. टोक पातळ म्हणून आधी तापतं, पातं भट्टीत पुढे-मागे हलवत राहा. पिवळट नारिंगी दिसलं तर जास्त झालं. तसंच तेलात घालू नका, हवेत गार करून पुन्हा तापवा. रंग बरोबर असेल तर पातं टोकाकडून सरळ खाली तेलात न्या आणि वर-खाली हलवा. आडवं फिरवलं तर एक बाजू आधी थंड होऊन पातं वाकतं. आठ-दहा सेकंदांनी काढा. पातं अजून गरम असताना काही क्षण त्याचा बाक काढता येतो. दोन सपाट फळ्यांत दाबा. पूर्ण गार झाल्यावर वाकवायला गेलात तर तुटेल. मग कानस फिरवा: काचेवर घसरावी तशी घसरली तर पातं कडक झालं. वरचा जळका थर कधी मऊ लागतो, तो खरवडून पुन्हा तपासा.

कडक झालेलं पातं रात्रभर तसंच ठेवायचं नाही, त्याच दिवशी ओव्हनमध्ये २०० ते २०५ अंशांवर दोन तास, बाहेर काढून गार, पुन्हा दोन तास. ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवू नका, आत वेगळा तापमापक ठेवा, आणि पातं वाळूच्या ताटलीत खोचा म्हणजे तापमानाचे झटके लागत नाहीत. स्वच्छ घासलेल्या पात्यावर फिकट गवती पिवळा रंग यायला हवा. निळा आला तर पातं नरम झालं, पुन्हा पाणी द्यावं लागेल.

शेवटची घासणी उघड्या हातांनी करा आणि पातं दर वेळी पाण्यात बुडवा. हाताला सोसवत नाही इतकं तापू द्यायचं नाही. फिरत्या पट्ट्याच्या ग्राइंडरवर हातमोजा तसाही घालू नये, तो ओढला जातो. धारेमागची जाडी ०.२ ते ०.३ मिमीवर आणा. जाड राहिलेली सुरी कितीही धारदार केली तरी कापताना पाचरेसारखी अडते, आणि पहिल्या सुऱ्या बहुधा इथेच फसतात. मग धार लावायची: आधी ४०० नंबरच्या दगडावर, नंतर १००० नंबरच्या, प्रत्येक बाजूला १५ अंशांच्या कोनात. साडेतीन सेंमी रुंदीच्या पात्याची पाठ दगडापासून ९ मिमी वर धरली की तो कोन मिळतो. मूठ तुमच्या तळव्याच्या मापाने करा, दुसऱ्या कोणाच्या नाही. इपॉक्सीने चिकटवून २४ तास हलवू नका. हे पोलाद गंजतं, वापरून झाल्यावर लगेच पुसायचं.

संरक्षणाच्या वस्तूंबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण त्या बहुतेक मोठ्या देहाच्या मापाने मिळतात. सैल हातमोज्यात पट्टी फिरते. चेहऱ्याला न चिकटणाऱ्या मुखवट्यातून पोलादाची धूळ कडेने आत येते. मुखवटा घातल्यावर गाळण्या तळव्यांनी झाकून श्वास आत ओढा, तो गालांकडे ओढला गेला पाहिजे. तसं होत नसेल तर छोटं माप घ्या. चामड्याचा ॲप्रन छातीशी उघडा राहिला तर त्या खोबणीत पोलादावरून सुटणारे तापलेले खवले पडतात. पाठीवर फुलीसारखे पट्टे असलेला, गळ्यापर्यंत येणारा ॲप्रन निवडा आणि आतला शर्ट सुती, गळ्याशी बंद. कृत्रिम धाग्याचं काहीही नको, ते वितळून कातडीला चिकटतं. केस बांधून आत, अंगठ्या-कडी काढून, पायात बंद चामडी बूट, डोळ्यांवर चष्मा, कानात बोळे. गॅसची भट्टी कार्बन मोनॉक्साइड सोडते, ज्याला वास नाही. समोरासमोरची दोन दारं उघडी हवीत आणि भिंतीवर त्याचा अलार्म. हा वायू गर्भापर्यंत पोचतो, म्हणून दिवस गेलेले असताना भट्टी बंद ठेवावी, घासकामाची धूळही टाळावी.

तडकलेलं पातं फेकलं नसेल अशी आशा आहे. कोपर बरं होईपर्यंत करण्यासारखं पहिलं काम तेच आहे. ते व्हाइसमध्ये धरा, वर जाड कापड गुंडाळा, चष्मा लावा आणि हलका हातोडा डाव्या हाताने मारून तड्याच्या जागी तोडा. तुटलेला पृष्ठभाग उजेडात बघा. साखरेसारखे चमकते जाड दाणे दिसले तर पातं फार तापलं होतं. राखाडी, मखमलीसारखा बारीक पोत दिसला तर तापवणं ठीक होतं आणि दोष पाण्याचा, ओरखड्यांचा किंवा पातळ धारेचा. तड्याची कड काळपट असेल तर चीर पाणी देण्याआधीच पडलेली होती. ते तुकडे जपून ठेवा. १०८४ ची पट्टी आणाल तेव्हा तिचा पाच सेंमीचा तुकडा कापून, पात्याच्या आधी त्यालाच तेलात कडक करा, असाच तोडा आणि दोन्ही पोत शेजारी धरून बघा.